मीठ बंद, पाणी भरपूर

आठवीला पेशीचा धडा आहे. गेली सव्वीस वर्षं मी तो शिकवते आहे आणि उंब्रजच्या आमच्या शाळेत तो माझ्याइतका चांगला कुणीच शिकवत नाही, अशी माझी खात्री होती. पेशीभोवती जे पातळ आवरण असतं, पेशीपटल, ते पुस्तकात चार ओळींत उरकलेलं आहे. मी त्याला तीन तास द्यायचे. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, तुम्ही पटलातच अडकलात, आत केंद्रक कधीचं वाट बघतंय." मी हसायचे आणि आणखी एक तास मागून घ्यायचे.

पहिल्या तासाला मी मुलींच्या दोन रांगा करायचे. दोन्ही रांगांनी एकमेकींकडे पाठ करायची, तोंडं बाहेर. शाळेच्या नियमाप्रमाणे सगळ्यांच्या दोन-दोन वेण्या. "हे झालं पटल," मी सांगायचे. "तेलकट कणांचे दोन थर. प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं म्हणून ते पाण्याकडे तोंड करून बसतं. शेपट्यांना पाणी नको असतं, त्या आत लपतात." मग मधूनमधून दोघीदोघींना हात धरून कमान करायला लावायची. त्या कमानी म्हणजे पटलात रुतलेली प्रथिनं, आत-बाहेर जायच्या वाटा. उरलेल्यांपैकी निम्म्यांनी पाणी व्हायचं, निम्म्यांनी मीठ. पाण्याला कमानीखालून सोडायचं, मिठाला अडवायचं. दरवर्षी कुणीतरी मीठ घुसखोरी करायचं आणि वेण्या ओढल्या जायच्या. पण परीक्षेत उत्तर कुणाचं चुकायचं नाही.

दुसऱ्या तासाला बेदाणे. आईचं माहेर तासगावकडचं, त्यामुळे आमच्याकडे बेदाण्यांना तोटा नसतो. साध्या पाण्यात घातलेले बेदाणे तासा-दोन तासांत टम्म फुगतात. फुगलेले काढून दाट मिठाच्या पाण्यात टाकले की पुन्हा सुरकुततात. जिकडे मीठ जास्त तिकडे पाणी जातं, यालाच परासरण म्हणतात, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे.

हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं असं मला कधी म्हणता येणार नाही.

माझं सासर कराडात. मी रोज एसटीनं उंब्रजला येते आणि मधल्या सुट्टीत आई-आप्पांकडे जेवायला जाते. शाळेपासून घर पाच मिनिटांवर, तारळी नदीच्या अंगाला. आप्पा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. निवृत्त फक्त पगारपत्रकावर. पहाटे उठणं, दाढी, अंथरुणाची चौकोनी घडी, यातलं काही सुटलं नव्हतं. कुणी काही काम सांगितलं, तर ते किती वाजता, किती वेळ आणि कुणाच्या हुकमावरून, हे ते विचारून घेत. आमच्या घरात चेष्टेनं बोललेली गोष्ट आप्पांपुढे जपून बोलावी लागे.

उन्हाळा संपता संपता त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. गावातल्या डॉक्टरांनी लघवी जास्त होणारी एक गोळी नव्यानं सुरू केली, मीठ जरा कमी करा म्हणाले आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासून या म्हणून चिठ्ठी दिली. मी बरोबर होते. घरी आल्यावर आप्पांनी मला समोर बसवलं.

"कमी म्हंजे किती?"

"जेवढं कमी तेवढं चांगलं."

"तसं न्हाई चालत. आकडा सांग."

आकडा मला माहीत नव्हता. पण मी विज्ञान शिकवते, शिवाय आई दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, "आप्पा, बंदच करा ना. भाजी-भाकरीत असतं तेवढं पुरतं शरीराला. आणि पाणी भरपूर प्या. पाण्यानं सगळं साफ होतं." हे शेवटचं वाक्य मी कुठून आणलं, ते आजही सांगता येत नाही. पेपरात वाचलं असेल, शाळेत कुणी म्हटलं असेल. डॉक्टरांनी तर ते म्हटलंच नव्हतं.

"पाणी भरपूर म्हंजे किती?"

"चार लिटर. पाच झालं तरी उत्तम."

"लिहून दे."

मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लाल स्केचपेननं लिहून दिलं. मीठ बंद. पाणी भरपूर, पाच लिटर. गोळी सकाळी. खाली सही करायला लावली त्यांनी, ती पण केली. पुठ्ठा फ्रिजवर लागला.

त्या दिवसापासून आई दोन भांड्यांत स्वयंपाक करू लागली. आप्पांची आमटी वेगळी, भाकरीसुद्धा पिठात मीठ न घालता. लोणचं, पापड, खर्डा हे सगळं त्यांच्या बाजूनं उचललं गेलं. आईनं एकदाच तोंड उघडलं.

"आगं, चिमूटभर तरी घालू दी. घास घोळवत बसत्यात नुसतं."

"आई, ब्लडप्रेशर म्हणजे काय ते तुला माहीत नाही," मी म्हटलं.

आप्पांनी घासाबद्दल चकार शब्द काढला नाही. फौजेतला पाण्याचा कॅन माळ्यावरून काढून घासला आणि दिवसाचे पाच लिटर मोजून प्यायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत कॅन संपला नाही, तर दिवे लागायच्या वेळेला उभं राहून उरलेलं एका दमात संपवत. आठवड्यानं प्रेशर मोजलं तर अगदी तरण्या माणसासारखं. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. रक्त तपासायची चिठ्ठी कॅलेंडरच्या मागे खोचलेली होती, तिची कुणाला आठवणही झाली नाही. प्रेशर इतकं छान असताना रक्त कशाला बघायचं?

तीन आठवडे गेले. आप्पा मंद होत चालले होते, हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणजे जेवताना समोरच बसलेले असायचे. डोकं दुखतं म्हणत. चालताना भिंतीला हात लावत. एकदा दाढी अर्धीच करून बाहेर आले, ते बघून आई घाबरली.

"ह्येंच्या अंगातलं मीठ सरलंय," ती मला म्हणाली. "बग तू. माणूस आळणी झालाय."

मला तिचं कौतुक वाटलं. बायका कशा साध्या शब्दांत बोलतात, असं काहीतरी मनात आलं. मी तिला समजावलं, "आई, शरीरातलं मीठ असं सरत नसतं. शरीर ते सांभाळून ठेवतं. वय झालंय त्यांचं, दुसरं काही नाही." तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

शाळा नुकतीच सुरू झाली होती. नवी आठवी होती. रांगा आणि वेण्यांचा तास झाला होता आणि त्या दिवशी बेदाण्यांचा होता. वाट्या टेबलावर मांडलेल्या, मुलं भोवती गोळा झालेली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, माणसाची पेशी अशी पाण्यात ठेवली तर?"

"छान प्रश्न," मी म्हटलं. "वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर एक जाड भिंत असते, म्हणून ती फुगली तरी टिकते. आपल्या पेशीला फक्त पटल. बाहेरचं मीठ कमी झालं, तर पाणी आत शिरत राहणार, पेशी फुगणार, फारच झालं तर फुटणार."

"मग आपण पाणी पितो तवा?"

"तेव्हा काही होत नाही. रक्तात मीठ असतं ना."

"आणि ते कमी झालं तर?"

"ते कमी होत नाही," मी म्हटलं आणि घंटा झाली. बेदाणे मुलांनी खाल्ले. मी पिशवी उचलून जेवायला निघाले.

घराच्या अंगणात आप्पा उभे होते. बनियन उलटा, पायात एकच चप्पल. कपड्यांच्या दोरीवर आईनं धुणं वाळत घातलं होतं, त्यापुढे ते छाती काढून उभे होते आणि हिंदीत त्या धुण्याला झापत होते. रांग सरळ नाही, कपडे ओले आहेत, ही पलटण आहे की जत्रा. आई पायरीवर बसून बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा होता.

"मगाधरनं चाललंय," ती म्हणाली. "मला पण वळखत न्हाईत."

आप्पा तिच्याकडे वळले. "नंबर, रँक, नाम?"

"बायको," आई म्हणाली.

"रँक?"

"ती कवा दिलीच न्हाई तुमी."

मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मास्टरनीजी, इथं सिव्हिलियनला परवानगी नाही, असं नम्रपणे सांगितलं. अंग तापलेलं नव्हतं. पण बाहेर ऊन होतं आणि उन्हाचा तडाखा एवढंच मला सुचलं. मी त्यांना आत नेऊन पलंगावर बसवलं आणि तांब्याभर पाणी आणलं. ते नको म्हणाले. मी म्हटलं, "हुकूम आहे." ते प्यायले. मी आणखी एक तांब्या दिला, तोही प्यायले.

आई स्वयंपाकघरातून लिंबाचं सरबत घेऊन आली. "साखर-मीठ घातलंय, प्या आवं."

मी तिच्या हातातून पेला काढून घेतला. "मीठ कशाला घातलंस? प्रेशर आहे त्यांना." आणि ते सरबत मोरीत ओतलं.

आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या. पण ज्या तासाला परासरण शिकवलं, तो संपल्यावर अर्ध्या तासात आप्पांना पाणी पाजलं आणि मीठ ओतून दिलं, एवढी व्यवस्थित चूक दुसरी नाही.

थोड्या वेळानं त्यांना उलटी झाली आणि ते पेंगू लागले. हाक मारली तर डोळे उघडत, पुन्हा मिटत. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि हायवेनं आम्ही कराडला दवाखान्यात आलो. आई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत मी बोलतच होते, अर्धांगाचा झटका असेल, वेळेत नेलं तर काही होत नाही, असं.

झटका नव्हता. डोक्याचा फोटो काढला, रक्त घेतलं आणि तासाभरानं एक डॉक्टरीणबाई आम्हाला शोधत बाहेर आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय, म्हणाल्या. गोळी कुठली, खाणं काय, पाणी किती, सगळं विचारलं. पाच लिटर ऐकल्यावर त्या लिहायच्या थांबल्या.

"आणि मीठ?"

"बंद," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी फरशीकडे बघितलं. त्यांनी ताणलं नाही. उलट बाकावर माझ्या शेजारी बसल्या, कागदाच्या पाठीमागे एक गोल काढला आणि बाहेर ठिपके द्यायला लागल्या.

"काकू, सोपं करून सांगते हं. आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं. ही एक पेशी. हिच्याभोवती एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज जातं, मीठ तसं जात नाही. हे ठिपके म्हणजे बाहेरचं मीठ. ते गोळीमुळे लघवीतून गेलं, खाण्यातून आलं नाही आणि वरून पाणी वाढलं. मग काय होईल? पाणी पडद्यातून आत शिरणार. पेशी फुगणार. लक्षात येतंय ना?"

"हो," मी म्हटलं.

"बाकी अंगाला फुगायला जागा असते. मेंदू कवटीत असतो, त्याला जागा नाही. म्हणून डोकं दुखणं, तोल जाणं, भ्रम होणं."

मी मान हलवत राहिले. चित्र त्यांनी चांगलं काढलं होतं. मी आपली ओळख दिली नाही. देण्याची काही गरजही नव्हती. पण पलीकडून आई म्हणाली, "ही ह्येच शिकवती शाळंत. सव्वीस वर्सं."

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "होतं असं," म्हणाल्या आणि उठल्या.

आप्पांना आयसीयूत ठेवलं. दाट मिठाच्या सलाईनचा एक थेंब, मग बराच वेळ, मग पुढचा थेंब. पिण्याचं पाणी जवळजवळ बंद. मी काचेतून बघत होते आणि मला ते थेंब बघवत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरीणबाईंना गाठून म्हटलं, "मीठ कमी आहे ना, मग जरा भराभर द्या की."

"भराभर दिलं तर त्यांचं कायमचं नुकसान होईल," त्या म्हणाल्या. "हे तीन आठवड्यांत हळूहळू झालंय. तेवढ्या दिवसांत मेंदूच्या पेशींनी जागा करायला आपल्याच आतल्या काही गोष्टी बाहेर टाकल्यात. आता बाहेर एकदम मीठ वाढवलं, तर पाणी आतून ओढलं जाईल आणि त्या आक्रसतील. त्यांना आपल्या गतीनं सावरू द्यायचं."

हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात नाही आणि पुस्तकापलीकडचं मी कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं. बाकावर बसून फोनवर वाचायला सुरुवात केली. पटलात पंप असतात, ते जागेपणी, झोपेत, अष्टौप्रहर सोडियम बाहेर ढकलत असतात आणि आपण खातो त्यातली बरीच ताकद या एका कामात जाते. पाण्यासाठी वेगळ्या बारीक वाटा असतात, त्यातून फक्त पाणीच जातं. माझ्या वर्गात कमानी करून उभ्या राहिलेल्या मुली नुसत्या उभ्या असत. खरं पटल एक क्षण उभं राहत नाही. त्यातले कण सारखे सरकत असतात, जागा बदलत असतात. मी सव्वीस वर्षं त्याला भिंतीसारखं उभं केलं होतं आणि मुलं हलली की ओरडले होते.

आई माझ्याशेजारी होती. दुपारी तिनं डबा उघडला आणि माझ्यापुढे केला. मला जेवण जाईना. मी म्हटलं, "तू सांगितलं होतंस."

"काय सांगितलं हुतं?"

"अंगातलं मीठ सरलंय म्हणून."

"मी काय डाक्टर हाय व्हय," ती म्हणाली. "त्वांडाला यील ते बोलते मी. जेव."

तिला या गोष्टीचं श्रेय घ्यायचं नव्हतं. ते तिनं घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सनं आम्हाला आत बोलावलं. आप्पा उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, पण डोळे जागेवर होते. आईला बघून म्हणाले, "बनियन कुणी बदलला माजा?" आईनं पदर तोंडाला लावला. नंतर मला म्हणाली, की ते सुधारले हे तिला त्या रागावरनं कळलं.

मग ते माझ्याकडे वळले. "पाणी दीना झालीत ही लोकं."

"द्यायचं नाहीच आहे, आप्पा. पाण्यानंच झालं हे. आणि मिठानं."

"मीठ तर बंद हुतं."

"म्हणूनच."

"म्हंजे हुकूम चुकीचा हुता."

"हो."

"कुणाचा हुता?"

"माझा."

"सही हाय त्याच्यावर तुजी," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जबाबदारी कुणाची ते एकदा ठरलं की त्यांच्या दृष्टीनं विषय संपतो. मला मात्र रडू आलं. ते बघून ते अवघडले आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "चुकीचं हुकूम लय पाळल्यात आमी. येवढं काय न्हाई त्यात."

आठवड्यानं घरी सोडलं. व्हीलचेअर नको म्हणाले, आईच्या खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत चालत आले. गोळी बदलली. मीठ किती, पाणी किती, ते डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितलं, मला नाही. फ्रिजवरचा पुठ्ठा आईनं काढला. मी विचारलं कुठे टाकलास, तर म्हणाली, चुलीत. आमच्याकडे चूल कधीची नाही.

अंगणातली कवायत आप्पांना अजिबात आठवत नाही. आई मात्र नात्यातल्या लग्नांत ती रंगवून सांगते. बायको, रँक, सगळं. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. बायकांना वाटतं हसूनच आलं. चालताना आप्पा अजून जरा झुकतात, काठी वापरतात. तेवढं राहिलं.

परवा जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तो पडदा म्हंत्यात तो काय असतो गं? डाक्टरीण सांगत हुती."

आधी मी टाळलं. मग सांगितलं. दोन थर, त्यातल्या वाटा, पाणी कुणीकडे जातं आणि का. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"मग चूक त्या पडद्याची न्हवती," ते म्हणाले.

"नाही. बाहेर मीठ कमी झालं, पाणी आलं, त्यानं आत घेतलं. त्याला तेवढंच येतं."

"बेस हाय," आप्पा म्हणाले. "जवान चांगला हाय." मी पुढे पंपाचं सांगायला घेतलं, तोवर ते बसल्या जागी पेंगायला लागले होते. त्या दिवशीचं पेंगणं आठवून मी हाक मारली.

"झोपू दी त्यास्नी," आई भांडी विसळत म्हणाली. "जेवल्यात. झोपनारच की."